काठावरचा दुसरा माणूस

तीर्थस्वरूप सुग्रीवमामांस रामेश्वरचा दंडवत. (वाकून केला आहे, बघायला कुणी नव्हतं तरी.)

गुडघा कसा आहे? अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नसणार, हे धरूनच पुढचं लिहितो.

माझं काम आईनं तुम्हाला सांगितलंच असेल (चुकीचं. ती गावभर ‘पोरगं धरणावर साहेब हाय’ म्हणत फिरते). पालीच्या पुढं एका तलावावर सोलरच्या प्लेटा तरंगतात. त्यांचे दोर ढिले झालेत का, केबलला पाणी लागतंय का, वीज किती निघते, हे बघून मी पुण्याच्या ऑफिसला कळवतो. तिकडून ‘ओके’ येतं. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर एवढंच.

कंपनीचा नियम असा, की प्लेटांवर एकट्यानं जायचं नाही. दुसऱ्यानं काठावर थांबून दर दहा मिनिटांनी हाक मारायची, आतल्यानं ओ द्यायची. नियम दोघांचा, नेमणूक एकाची. मेंढरंवाले धुळाजी होते तोवर ते हौसेनं ‘रामेश्वर, हाय का बे?’ ओरडायचे. मग ते मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघाले. जायच्या आधी मी त्यांची हाक, इथं रस्त्याकडेला फळं विकणाऱ्या नबीभाईंच्या जुन्या भोंग्यात भरून घेतली (सीताफळं विकायचा भोंगा; हाकेआधी अजूनही ‘गोड माल, गोड माल’ येतं). भोंग्याला दहा मिनिटं कळत नाहीत. तो दम न खाता विचारतो, मी ‘हाय’ म्हणतो. खरं सांगू? मला बरं वाटायचं.

परवा पुण्याहून फोन, तिसऱ्या रांगेची वीज घटली. (कारण पाणकावळे. शे-दीडशे जण तिथं पंख वाळवत बसतात आणि बाकीचंही तिथंच उरकतात.) भोंगा लावला, होडी वल्हवत गेलो, प्लेटा धुतल्या. वळून बघतो तर होडी निम्म्या तळ्यात. बांधायचीच राहिली होती. फोन खोलीत चार्जिंगला. केबल असल्यानं पाण्यात उतरायला बंदी, आणि मला पोहता किती येतं ते तुम्ही विहिरीवर पाहिलंच आहे. मी बोंब ठोकली. बांधावरून इथल्या गावातल्या संगीताकाकू चालल्या होत्या. त्यांनी ऐकलं ते असं: ‘हाय का बे?’ ‘अहो, इकडं या!’ ‘हाय का बे?’ नंतर कळलं, त्या सोबतच्या बाईला म्हणाल्या, “दोघांचं लई रंगलंय, आपुन कावून मधी पडावं?” आणि गेल्या.

उन्हात तीन तास बसलो. मग भोंग्याचा आवाज खोल खोल गेला आणि बंद पडला. मामा, होडी गेली तेव्हा नव्हतं आलं, पण भोंगा थांबला आणि मला रडू आलं. खोटी का होईना, कुणीतरी चौकशी करत होतं. भोंगा गप्प झाला म्हणून नबीभाई धावत आले, ते भोंग्याच्या काळजीनं. वाऱ्यानं काठाला लागलेली होडी घेऊन मला आणलं, ते त्यानंतर.

आपला भाचा,
रामेश्वर

ता. क. : कंपनीनं दुसरा माणूस ठेवायचं कबूल केलं आहे. अट एकच, आवाज मोठा हवा. तुम्ही तीस वर्षं एसटीत कंडक्टरी केलीत, म्हणून मी तुमचंच नाव सुचवलं. गुडघ्याला त्रास नाही, काठावर खुर्ची टाकून बसायचं. खोलीत दुसरी खाट आहे.

ता. क. २ : कंपनीनं काहीच कबूल केलेलं नाही. खाट मात्र मी खरंच आणली आहे. या.