आत्यासाठी ई-रीडर, नीट पारखून

२ जानेवारी
संकल्प: आत्याला ई-रीडर घेऊन द्यायचा. याच महिन्यात. बिचारीने जन्मभर छापखान्यात लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली, आता डोळे गेले कामातून. डॉक्टर म्हणाले, वाचायचं ते उन्हाळ्याच्या आत वाचून घ्या. घाबरवायची सवयच असते या लोकांना. तिला एकच पुस्तक हवंय, एका कादंबरीचा तिसरा भाग. छापील मिळत नाही, लायब्ररीत फक्त ई-बुक आहे. म्हणाली, धाकटी बहीण जगते की मरते एवढं कळलं की मी सुटले रे. बायको म्हणाली, दुकानात जा आणि समोर दिसेल तो उचलून आणा. हिला कशातलं काही कळत नाही.

९ जानेवारी
प्रकरण खोल आहे. मी विकत घेतलेली ई-बुकं त्याच कंपनीच्या यंत्रावर उघडतात. त्यावर लायब्ररीची उघडत नाहीत. लायब्ररीची ज्यावर उघडतात, त्यावर माझी नाहीत. दोन्ही चालणारं हवं. बायकोने विचारलं, आत्यांना तुमची पुस्तकं कशाला? सगळी पहाटे उठण्याविषयी आहेत, हे खरं. वाचलेलं एकही नाही, हेही खरं. म्हणून काय सोडून द्यायची?

२१ जानेवारी
टेस्टिंगशिवाय खरेदी नाही. लायब्ररीतून आत्याचीच कादंबरी माझ्या फोनवर घेतली. पहिलं पान उघडलं. अक्षर मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं. छान दिसतं.

११ फेब्रुवारी
मुदत संपली. टेस्टिंग अपुरं. वाढवून घेतली. ही लायब्ररी रांग असो नसो, मुदत वाढवून देते. वाचकांची कदर आहे.

४ मार्च
पुन्हा वाढवली. बायकोने परस्पर स्वतःचा जुना टॅब आत्याला दिला. माझ्या अभ्यासावर पाणी! पण पुस्तक मिळेना. ई-बुकचीही प्रत एकच, एका वेळी एकालाच मिळते, आणि ती कोणीतरी दाबून बसलंय. आत्या रांगेत पहिली. काय एकेक माणसं असतात! लायब्ररीचे नियमही ढिले.

२० मार्च
आत्या रोज सकाळी टॅब नाकाला लावून बघते, पुस्तक सुटलं का. माझा जीव तुटतो. लायब्ररीला खरमरीत ई-मेल टाकला: त्या माणसाचं सभासदत्व रद्द करा.

२३ मार्च
लायब्ररीचं उत्तर आलं. पुस्तक माझ्याच खात्यावर आहे म्हणे. आत्याला सांगितलं नाही, उगाच मनस्ताप. लगेच परत करणार होतो, पण उन्हातलं टेस्टिंग राहिलंय. रविवारी नक्की.

१९ एप्रिल
रविवार कामात गेले, पुस्तकाची मुदत पुन्हा वाढवावी लागली. पण यंत्र ठरलं! दोन्हीकडची पुस्तकं चालतात, स्क्रीन चकाकत नाही. कव्हर हिरवं हवं, ते संपलंय. आल्यावर दोन्ही एकदमच मागवतो. घाई नडते.

१० मे
यंत्र आलं. पुस्तक त्यावर घेतलं, अक्षर सर्वांत मोठं केलं आणि आत्याच्या हातात दिलं. तिने कडेवरून अंगठा फिरवला. हलकं आहे, म्हणाली. मग विचारलं, चालू केलंयस का?
केलं होतं.
मी स्क्रीनचा उजेड वाढवला. तिने विचारलं, इतके महिने पुस्तक तुझ्यापाशीच होतं म्हणे, मग तूच सांग, धाकटी जगते का? हे नक्की बायकोने सांगितलं. मी म्हटलं, जगते, अगदी ठणठणीत. आत्याचा चेहरा असा खुलला, की मलाच भरून आलं.
बायकोने माझ्याकडे बघितलं, यंत्र उचललं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागली. पहिल्याच ओळीत धाकटी जाऊन वर्ष झालं होतं.
आत्या म्हणाली, राहू दे, बंद कर.
ते पान मी शंभरदा तरी उघडलं असेल. अक्षराकडेच लक्ष होतं. स्क्रीन मात्र अजिबात चकाकत नाही.