माझ्याच हातची कॉफी

जिम्मा,
नेहासे २१, २००५ (आपल्या पंचांगाने; तुझ्या बाहेरच्या जगात ऑगस्ट २०१३)

प्रिय अयनूताई,

तुझ्या यशीचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर मिळून तीन पापे. देवाच्या कृपेने आम्ही सगळे ठीक आहोत. विमानातली नोकरी तुला आज ज्या कुठल्या देशात घेऊन गेली असेल, तिथे तूही ठीक असशील अशी आशा आहे.

आईची तब्येत बरी. गुडघे कुरकुरतात, डोळ्यांपुढचं धुकं इतकं दाट झालंय की माणूस ओळखू येत नाही, पण आवाज खणखणीत आहे. फिलसेताचा पंधरा दिवसांचा उपास तिने यंदाही पुरा केला, आणि केला हे गल्लीभर सांगूनही झालं. पाऊस हटायचं नाव घेत नाही. कोळसा दमट आहे, फुंकून फुंकून माझे गाल दुखतात. तुझ्या खोलीत पलंगाच्या उशापाशी गळतं, तिथे मी पातेलं ठेवलंय. खोली तुझीच आहे अजून. आई कुणाला तिथे कांद्याचं पोतंसुद्धा ठेवू देत नाही.

फोन असताना यशी पत्र कशाला लिहिते, असं तुझ्या मनात आलंच असेल. अगं, तुझा फोन आला की आई तो मोठ्याने ऐकायला लावते, आणि शेजारचे बिर्केमावशी नि देमिस्सेकाका स्टुलं पुढे ओढून बसतात. मागे तू इस्तंबूलहून सांगत होतीस, की तिथे एक इवलासा कप देतात, खाली गाळ राहतो आणि तो उपडा करून बाया नशीब सांगतात. तू फोन ठेवलास आणि इथे पंचायत बसली.

"एकच कप?" बिर्केमावशी म्हणाल्या. "आणि दुसरा?"

"दुसरा नाही," मी म्हटलं.

"आणि तिसरा? आशीर्वादाचा?"

"तोही नाही."

"मग माणूस उठतो कसा? शेजारीपाजारी मेलेत की काय तिकडचे?"

देमिस्सेकाका म्हणाले, "एका कपात नशीब कळत असेल तर बरंच आहे. आम्ही तीन-तीन पितोय, आम्हाला काही कळलं नाही."

आई हसली नाही. ती म्हणाली, "माझी अयनू जगभरची कॉफी पिते, पण कॉफी करायला बसणार ती माझी यशीच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तवा घासत होते. म्हणून हे पत्र. तो बसचा ड्रायव्हर आहे ना, कासाहुन, तो हे अदिसला तुझ्या घरमालकिणीकडे पोचवेल. तो कॉफीला थांबला तर तीन कप पिऊनच निघेल, तेवढं सोसून घ्यायला सांग तिला.

तुझी कॉफीची पाकिटंही पोचली, रोमचं आणि ते कोरियातल्या सोलचं, ज्याच्यावर मांजराचं चित्र आहे. आईने ती कपाटात मांडून ठेवलीत. फोडायची नाहीत. दुसऱ्याने भाजलेली, महिन्यापूर्वीची कॉफी कोण पितं, म्हणते. मी गुपचूप मांजरवालं फोडलं. चव वाईट नव्हती. कुणीतरी दुसऱ्याने धुराजवळ उभं राहून माझ्यासाठी भाजलं होतं, याचंच मला अप्रूप वाटलं.

ताई, तुझ्या वाढदिवसाला मी अदिसला आले होते, आठवतं? तू झोपली होतीस आणि मी खाली कोपऱ्यावरच्या त्या दुकानात गेले. लोक उभे होते. मी पण उभी राहिले. मुलाने फेसाचा छोटा ग्लास पुढे सरकवला, मी चार घोटात संपवला आणि बाहेर पडले. कुणी विचारलं नाही, कुठे चाललीस. कुणी म्हटलं नाही, बस की, अजून दुसरा व्हायचाय. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि मला रडू आलं. तुला मी सांगितलं की डोळ्यांत धूळ गेली.

इथे दिवसातून तीनदा तवा चढतो. दाणे धुवा, भाजा, धूर सगळ्यांपुढे फिरवा, कुटा, उकळा, ओता. पहिला कप, दुसरा कप, तिसरा कप. तिसरा होईपर्यंत पुढच्या वेळेचे दाणे निवडायला घ्यायचे. मधल्या वेळात मी कोण असते, मला ठाऊक नाही.

आता मूळ गोष्ट. हवासा शहरात तळ्याकाठी एक नवं हॉटेल झालंय. त्यांना पाहुण्यांसमोर बसून कॉफी भाजणारी बाई हवी आहे. मी कासाहुनच्या बायकोकडून निरोप धाडला होता. त्यांचा होकार आला. राहायला खोली देतात. मेस्केलच्या सणाची शेकोटी झाली की लगेच हजर व्हायचंय, नाहीतर ते दुसरी बघणार. तू हसशील, की कॉफीतून सुटायला ही कॉफीच करायला निघाली. हस. पण तिथे लोक पितील, पैसे देतील आणि जातील. माझं लग्न का मोडलं हे त्यांना विचारावंसं वाटणार नाही.

मी आईला सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, तीच चूक झाली.

"जा की," आई म्हणाली. "तुझं आयुष्य आहे. मी पाणी पीन."

बिर्केमावशींनी पदर डोळ्यांना लावला. देमिस्सेकाकांनी रिकामा कप उगाच पुन्हा तोंडाला लावला. बिर्केमावशी म्हणाल्या, आमची सून देस्ता येऊन करत जाईल, हात चांगला आहे तिचा. आई म्हणाली, "डोळे गेले म्हणून नाक गेलं नाही माझं. यशीच्या हातचा धूर मी झोपेतही ओळखीन. दुसऱ्या कुणाची कॉफी माझ्या घशाखाली उतरत नाही." आणि मग तुझा दाखला. गेल्या ईस्टरला कॉफी तू भाजली होतीस, आणि तू तवा पुढे आणलास तोच तिने तोंड फिरवलं होतं, "ही अयनूची. करपट आहे." तू हसलीस आणि मला म्हणालीस, "बघ, मी राहिले असते गं, पण तिला तुझ्याच हातचं लागतं."

हे वाक्य तू किती वेळा म्हणाली आहेस, ताई.

थांबते. दाराशी बिर्केमावशींचा आवाज आला. कोळसे पेटवायला हवेत.

*

नेहासे २३

परवा पत्र अर्धं राहिलं. त्या दुपारी मी जे केलं ते आधी लिहिते, नाहीतर पुन्हा थंडी-पावसावर लिहीत बसेन.

मी कॉफी जाळली. चुकून नाही. ठरवून. मला वाटलं, माझा हात बिघडला असं आईच्या तोंडून एकदा निघालं की मी सुटले. दाणे तडतडले, तपकिरी झाले, थांबायची वेळ आली आणि मी थांबले नाही. तेल सुटलं, काळे झाले, निळा धूर निघाला. तव्याची मूठ इतकी तापली की बोटं भाजली, तरी धरून ठेवली. मग तो तवा मी रिवाजाप्रमाणे एकेकापुढे नेला.

तुला माहीत आहे, भाजणारीच्या तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. बिर्केमावशींनी हाताने धूर ओढला, खोकल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "वा." देमिस्सेकाका म्हणाले, "आज जरा... अंगात ताकद येईल." शेवटी आईपुढे नेला. आईने दोन्ही हातांनी धूर जवळ घेतला, खोल श्वास घेतला आणि म्हणाली:

"आता कसं! ही माझ्या यशीच्या हातची."

कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांनी ती डांबरासारखी कॉफी तिन्ही कप प्यायली. तिसऱ्या कपाला आशीर्वाद म्हणताना काकांचा चेहरा तू बघायला हवा होतास.

मला वाटलं, आई माझी लाज राखतेय. पण दुसऱ्या दिवशी माझी बोटं सुजली होती, म्हणून देस्ता आली. तिच्या चपला चिखलाने भरलेल्या, म्हणून दाराशी होत्या त्या माझ्या घातल्या. डाव्या चपलेचा तळवा सुटलाय, चालताना फटक-फटक वाजते. मी भिंतीशी बसले होते, गप्प. देस्ता फटक-फटक करत तवा घेऊन आईपुढे गेली. आईने धूर घेतला.

"दुखऱ्या हातानेसुद्धा बघा," आई म्हणाली. "याला म्हणतात माझी यशी."

बिर्केमावशी बोलायला तोंड उघडत होत्या. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. देस्ताने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिने मुकाट्याने कप ओतले. आणि मला तुझे ते विमानातले बूट आठवले, टाचांचे. ईस्टरला तू टक-टक करत तवा घेऊन आली होतीस.

सगळे गेल्यावर मी कप विसळले. आई भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

तिने चाचपून मण्यांची माळ हातात घेतली. मग म्हणाली, "दोन पावसाळे झाले. तो ताप आला होता ना. ताप गेला तो वास घेऊनच गेला. चवही. गरम लागतं, एवढंच कळतं."

"आणि मला ठेवून घेतलंस. माझ्याच हातची लागते म्हणून."

"मग काय म्हणणार होते?" ती एकदम चिडली. "कुणाच्याही हातची चालते म्हटलं असतं तर तू राहिली असतीस? डोळे गेले ते सगळ्यांनी पाहिलं. नाक तेवढं राहिलंय म्हणून बिर्के मला मान देते, माझ्या घरी येते. तेही गेलं म्हणून सांगू? मग उरलं काय माझ्यात, यशे?"

आणि ती रडली. बाबा गेले तेव्हा ती सगळ्यांसमोर मोठ्याने रडली होती. ही रडली ती अगदी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मला तिचा संताप आला होता, ताई, असा की हातातला कप भिंतीवर फोडावासा वाटला. आणि मी तिच्या पायाशी बसून तिचे गुडघे चोळत होते. दोन वर्षं मी पहाटे उठून एकेक दाणा पारखून निवडला. जास्त भाजला तर तिला कळेल म्हणून जीव मुठीत धरून तव्याजवळ बसले. तिला फक्त माझ्या चपलांचा आवाज कळत होता.

तुला वाटेल, आता यशी मोकळी. मलाही घटकाभर वाटलं. पण बघ ना, खोटं होतं तोवर मी मनातल्या मनात भांडत तरी होते. आता खरं कळलंय आणि पाय आणखीच जड झालेत. म्हातारी बाई घाबरली आहे, एवढंच ते खरं आहे. त्याच्याशी कसं भांडू?

कालपासून तिने कॉफी मागितलेली नाही. मीच केली. तिने धूर घेतला आणि लोकांसमोर म्हणाली, "सुरेख." मग हात चाचपत पुढे आणून माझं मनगट धरलं आणि तिन्ही कप होईपर्यंत सोडलं नाही. मी डाव्या हाताने ओतत राहिले.

म्हणून तुला सांगते, आणि हे मी विनवणी म्हणून लिहीत नाही. तुझी सबब संपली, ताई. तिला माझ्या हातचं लागत नाही. तिला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी आजवर मीच का, याचं उत्तर आपण दोघींनी तिच्या नाकावर ढकललं होतं. तू मला रोमची पाकिटं पाठवलीस, मी ती कपाटात तशीच राहू दिली. तुझा राग येत नाही असं लिहिणार होते. येतो. फार येतो. तू इस्तंबूलचं सांगतेस तेव्हा मला तो कप हवा असतो, आणि त्याहून जास्त, तो पिऊन उठून जाणं हवं असतं.

पंधरवड्यावर आलेल्या आपल्या नव्या वर्षाला तुला सुट्टी मिळते. या वेळी ती आणखी दोन आठवडे, मेस्केलपर्यंत वाढव. त्यानंतर काय ते आपण दोघी आईसमोर बसून ठरवू. देस्ताला पगार द्यायचा, आईला तुझ्याकडे न्यायचं, आळीपाळीने राहायचं, काहीही. पण शेकोटीची राख गार व्हायच्या आत मला हवासाच्या बसमध्ये बसायचंय, आणि तोवर या घरात तव्याजवळ दुसरं कुणीतरी बसलेलं हवं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तू येणार म्हटलं की खूश होईल. आल्यावर कॉफी तू भाज. जमेल तशी भाज, करपली तरी चालेल, बिर्केमावशी पितात. सगळ्यांसमोर आई म्हणेल, "ही माझ्या यशीच्या हातची." तिला म्हणू दे. तिचं नाक शाबूत आहे असं गल्लीला वाटू दे. तेवढं आपल्याला तिच्यासाठी करता येईल.

फक्त ते टाचांचे बूट घालून आत येऊ नकोस. माझ्या चपला मी दाराशी ठेवल्या आहेत, डावीचा तळवा मुद्दाम शिवून घेतलेला नाही. तुला नीट बसतील. जन्मभर तुझ्या जुन्या चपला मी वापरल्या, माप एकच आहे आपलं. आता माझ्या तू घाल.

अनवाणी पायांनी दाराकडे बघत बसलेली,
तुझी,
यशी