शेवटच्या कडव्यातले नाव

ठाणे, ता. ३ फेब्रुवारी १८७४

साहेबाचे नवे गीत आले! विलायती चालीवर मराठी शब्द कोंबले आहेत. ‘कृपा’ म्हणताना ‘कृ’ इथे आणि ‘पा’ पार खाडीपलीकडे. साहेबाच्या देवळात भक्त अकरा, आणि अकरांचीही तोंडे निरनिराळ्या ठिकाणी उघडी. तीन वर्षे या पाद्र्याला मराठी शिकवतो आहे. “पंडितजी, बरे आहे ना?” म्हणाला. “उत्तम!” म्हटले. घरी येऊन आंघोळ केली. किरिस्तावांची शिकवणी तेवढ्याने धुऊन निघते, असे आमच्या आळीने ठरवलेले आहे.

ता. ९

कंटाळा आला म्हणून येशूवर एक अभंग रचला. निव्वळ थट्टा! साहेबाने वाचला आणि ढसाढसा रडला. मलाही जरा भरून आले, पण ते इथेच राहू दे. माझ्या नऊ वर्षांच्या पोरीचे, हेमाचे लग्न कल्याणला प्रभाकरपंतांकडे ठरले आहे. त्यांना कळले, तर संपलेच.

ता. १७

देवळात अभंग गायला. शेवट झाला तरी सगळे तोंडे उघडी ठेवून बसलेले. म्हातारी गंगुबाई म्हणाली, “पंडित, ह्यो कोनाचा? नाव नाय तर अर्ध्या ताटावरून उठवल्यागत वाटतं.” खरेच. अभंग म्हटला की शेवटी करणाऱ्याचे नाव हवेच. माझे कसे घालू? खिडकीबाहेर साहेबाचा माळी गुणाजी गुलाबांना पाणी घालत होता. कळव्याचा. आधी खाजणातल्या मिठागरात होता. देवळाची पायरीसुद्धा चढत नाही. घातला त्यालाच:

खारट जगणे, खाजणाचे पाणी,
गुणाजीच्या मनी गोड झरा.

झकास बसले! गंगुबाई खूष.

ता. ५ मार्च

साहेबाने अभंग छापून घेतला. बाजारात वाटला, कल्याणपर्यंत गेला. आज माझी बायको सगुणा जात्यावर तोच म्हणत होती! म्हटले, अगं, तो किरिस्तावांचा आहे. म्हणते, “असेना! चाल आपलीच आहे.”

ता. ११

गुणाजी चार दिवस आला नव्हता. आज आला तो थेट माझ्याकडे. अभंगात नाव, म्हणजे किरिस्ताव झाला, असे धरून गावाने वाळीत टाकले. विहीर बंद. पोरीची, रतनची, हळद परवावर आलेली, ती मोडली. “भटजी, मना लिवता येत नाय, मी गाणा कसा रचीन? गावान येऊन तवरा सांगा.”

मी म्हणालो, “बघू.”

बघू! काय बघायचे होते? लाज वाटली. तरी दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

ता. १२

दिवसभर शिकवणीत लक्ष नाही. साहेब म्हणाला, गुणाजीसाठी प्रार्थना करू. म्हटले, तुम्ही करा.

त्याची पोर आणि माझी पोर. माझीचे लग्न वाचवायला त्याचीचे मोडले, हे कितीही उलटून पालटून पाहिले तरी तेच दिसते.

ता. १३

तरीने खाडी ओलांडून कळव्याला गेलो. पारावर पंच जमवले आणि सांगितले, अभंग माझा. कोणाचा विश्वासच बसेना! दौलत पाटील म्हणाला, “बामन कवा येशूचा अभंग रचंल का? गुणाजीनं शिकवून आनलाय तुमाला.” आली पंचाईत! चोरी कबूल करायला गेलो, तर चोर मानायलाच कोणी तयार नाही.

मग तिथेच बसून दुसरा रचला. मोठ्याने, एकेक कडवे म्हणत. शेवटचे कडवे आले. नाव घातले माझेच — त्र्यंबक. पाटलाने पागोटे सारखे केले आणि म्हणाला, “गुणाजी, जा, विहिरीवर जा.”

गुणाजी माझ्याकडे बघतच राहिला. “मंग माजा नाव कनाला घातलाव?”

“खिडकीतून तूच दिसलास,” म्हणालो. तो विहिरीकडे चालू लागला. तरीपर्यंत पोचवायलाही आला नाही, आणि ते बरोबरच होते.

घरी सगुणेला सगळे सांगितले. तिने जेवायला वाढले आणि आत निघून गेली.

ता. १६

कळव्याची बातमी पोचलीच; कल्याणहून हेमाची पत्रिका परत आली, लग्न मोडले. सगुणा चुलीपाशी तोंड फिरवून रडते आहे. हेमाने विचारले, “म्हणजे मी आता इथंच राहायचं?” हो म्हटले, तर अंगणभर नाचत सुटली!