आबा फ्रेममध्ये यायला तयार नाहीत

२ फेब्रुवारी, सकाळ
आबांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. तारीख १९. डॉक्टर म्हणाले, हल्ली हे रोजचंच ऑपरेशन आहे. मीही सगळ्यांना तेच सांगत सुटलोय. मी अजिबात घाबरलेलो नाही. घरात कुणीतरी शांत राहायला हवं, ते खातं माझ्याकडे घेतलंय. चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, पण तो बरण्यांचा घोळ. हिला लेबलं लावायला सांगितली आहेत.

संध्याकाळ
ताईचा फोन. तिला तिकडून लगेच निघता येत नाहीये. रडत नव्हती. अधूनमधून गप्प होत होती, तेव्हा रडत असावी. म्हणाली, ऑपरेशनच्या आधी आबांचे चांगले फोटो काढ, त्यांना बोलतं कर, व्हिडिओ घे. आईच्या वेळी झालं तसं नको.

आईचा धड एकही फोटो नव्हता. हॉलमध्ये लावलाय तो कुठल्याशा ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. कडेला कुणाचा तरी खांदा आलाय. खांदा माझा आहे. आईचा आवाज तर कुठेच नाही.

ताईला म्हटलं, निर्धास्त राहा. मोबाइलवर टाइमपास नाही करणार. रीतसर कॅमेरा घेतो.

४ फेब्रुवारी, लंच टाइम
रिसर्च सुरू. फुल फ्रेमच घ्यायचा. त्यात सेन्सर मोठा असतो, कमी उजेडातही चित्र स्वच्छ येतं. आबांच्या खोलीत उजेड कमी, म्हणजे प्रश्नच मिटला. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही चांगले हवेत आणि खिशाला परवडायला हवा. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. कागद बघून गोम कुठे आहे ते ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. कॅमेरा निवडणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. रविवारी कॅमेरा घरात.

८ फेब्रुवारी, रविवार
कॅमेरा घरात नाही. पण उशीर आणि सखोल अभ्यास यात फरक आहे.

स्वस्तातला एक आहे, त्याचे फोटो झकास. पण व्हिडिओ घेताना तापतो आणि मध्येच बंद पडतो म्हणे. आबा आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोलायला लागले आणि हा बंद पडला तर? दुसरा तापत नाही, पण त्यात कार्ड एकच बसतं. ते बिघडलं तर? तिसरा सेकंडहँड, दोन कार्डांचा, पण त्याचा फोकस चेहऱ्यावरून सरकतो. आबांना सोडून मागच्या कपाटावर गेला तर? मग आयुष्यभर कपाट बघत बसायचं.

ही म्हणाली, मोबाइल उचला आणि आत जा, आबा जागे आहेत, मूडमध्ये आहेत. मी तिला सेन्सरचा आकार समजावून सांगितला. ती मध्येच उठून गेली.

१० फेब्रुवारी
गैरसमज झालाय. मोठा.

सकाळी हॉलमध्ये ट्रायपॉड कुठे उभा राहील ते टेपने मोजत होतो. तिथेच आईचा फोटो आहे. आबा दारात येऊन उभे राहिले, बघत राहिले आणि परत गेले. दुपारी हिने कौतुकाने त्यांना सांगितलं की तुमच्यासाठी फुल फ्रेम घेताहेत. चांगली महाग.

जेवताना आबा म्हणाले, "फ्रेम आत्तापासून कशाला? आधी जाऊ तर दे."

मी पाण्याचा तांब्या संपवला. घसा कोरडा पडला होता, हवामान तसंच आहे. मी समजावलं की आबा, ती फ्रेम नव्हे, भिंतीवरची नव्हे, हा सेन्सर असतो. ते म्हणाले, छातीत झडप बसवताय ती पुरे झाली, सेन्सर आणखी कुठे बसवणार आहात.

आबांनी दाढी करायचं सोडलंय. ऑपरेशन होईपर्यंत फोटो काढून घेणार नाहीत म्हणे. खुंटांसकट कुणी भिंतीवर लावणार नाही, असा त्यांचा हिशेब. त्यांना वाटतंय की मी तयारीला लागलोय. ताईला काही कळवलेलं नाही. तिला सांगितलं, फायनल स्टेजला आहे.

१३ फेब्रुवारी
दुकानात गेलो. कॅमेरेवाला सज्जन वाटला. एकेक कॅमेरा हातात देत होता, माझाच एक फोटो काढून बघा म्हणत होता. काढले. सगळे हललेले आले. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली, की कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन हवं. हे रिव्ह्यूमध्ये कुणी नीट सांगत नाही.

त्याने विचारलं, कशासाठी हवाय. म्हटलं, वडिलांसाठी. तर मान हलवून हळू आवाजात म्हणाला, "वडील आहेत ना?"

मी बाहेर आलो. दुकानात एसी फार होता. रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिलो आणि आबांना फोन लावला. त्यांनी विचारलं, काय रे? मी म्हटलं, काही नाही, दूध आणायचंय का. ते म्हणाले, दूध घरात आहे, तूही ये.

१६ फेब्रुवारी, ऑफिस
एक फाइल समोर आली. झडपेचंच ऑपरेशन, पेशंटचं वय आबांच्या आसपास. मी प्रत्येक फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचतो, ही माझी ख्याती आहे. ही शेवटच्या पानापर्यंत वाचली नाही. तेवढ्यात चहा आला. मग फाइल शेजारच्या टेबलावर सरकवली. शेजारचा म्हणाला, अरे, हा तुझा विषय ना. मी म्हटलं, सध्या कॅमेऱ्याचं काम आहे.

संकल्प: उद्या खरेदी. काहीही झालं तरी.

१८ फेब्रुवारी, दुपार, हॉस्पिटल
आबांना ॲडमिट केलं. खरेदी आज झाली. एका कार्डाचा, न तापणारा घेतला. निर्णय मुळात चारच मिनिटांत झाला, कारण टॅक्सी बाहेर उभी होती आणि आबा आत बसले होते. बॅटरी चार्ज नव्हती. पलंगाशेजारच्या प्लगला लावली तर नर्सने काढून टाकली. तो प्लग दुसऱ्या मशीनसाठी आहे म्हणाली. कोणत्या मशीनसाठी, ते मी विचारलं नाही. शेवटी व्हरांड्यातल्या कूलरशेजारी चार्ज केली.

आबांनी कॅमेरा मागितला. हातात घेऊन उलटासुलटा केला, जड आहे म्हणाले. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "उद्या आत नेण्याआधी काढ," म्हणाले. "सकाळी दाढी करतो."

मॅन्युअल वाचायला घेतलं. अक्षरं फार बारीक छापतात.

१९ फेब्रुवारी, सकाळ
झालं. जमलं. आबांनी दाढी केली, भांग पाडला, उशीला टेकून बसले. मी बॅगेतून कॅमेरा काढला, लाल बटण दाबलं. आबा बोलले. सलग बोलले. आईबद्दल बोलले, माझ्याबद्दल बोलले. मी सगळा वेळ फोकस चेहऱ्यावर धरून ठेवला, एकदाही कपाटावर जाऊ दिला नाही. स्क्रीन मध्येच धुरकट झाली होती, दुकानदाराला दाखवायला हवी. संपल्यावर परत बटण दाबलं, कॅमेरा गळ्यात अडकवला. मग स्ट्रेचर आलं.

संध्याकाळ
ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. आबा शुद्धीवर येताहेत. मी सगळा वेळ बाकावर शांत बसून होतो. हिला धीर दिला. एकंदरीत माझ्यामुळे घरच्यांना मोठा आधार झाला.

१ मार्च, रविवार
आबा घरी आले. ताई व्हिडिओ कॉलवर. कॅमेरा टीव्हीला जोडला. मी चार शब्द प्रास्ताविक केलं, सेन्सरबद्दल.

सुरुवातीला बराच वेळ अंधार आणि खरखर. बॅगेचं आतलं अस्तर. कॅमेरा बॅगेतच सुरू झाला होता बहुतेक. मग आबांची उशी दिसली, आणि माझा आवाज आला की आबा, आता सुरू करतो. तिथे क्लिप संपली.

पुढची क्लिप सुरू झाली ती माझ्या बुटांपासून.

म्हणजे मी सुरू केलं तेव्हा बंद झालं आणि बंद केलं तेव्हा सुरू झालं. आबा जे बोलले त्यातलं काहीही नाही. बूट मात्र बॅटरी संपेपर्यंत आहेत. कॅमेरा अजिबात तापलेला नाही, ती निवड अचूक होती.

स्ट्रेचरची चाकं दिसतात. आबांचा आवाज येतो, "पांढराफटक काय पडलायस? मला नेताहेत, तुला नाही." मग लिफ्टचं दार. मग बूट व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकापर्यंत. नर्सला विचारणारा आवाज, झालं का. पुन्हा झालं का. पुन्हा. नर्स म्हणते, काका, आत्ताच आत नेलंय. हिचा आवाज, अहो, बसा, पाणी प्या. मग बूट एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. कुणीतरी हळू बोलतंय, आबा, नका जाऊ, आबा, नका ना जाऊ.

मी रिमोट शोधत होतो. तो आबांच्या हातात होता.

ताईने विचारलं, पण आबा काय बोलले होते तेव्हा? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आठवेना. मी त्या वेळी फोकस बघत होतो.

ही आबांना म्हणाली, तुम्हीच सांगा ना परत. आबा म्हणाले, सांगेन की, घाई काय आहे आता. पण सूनबाई, मोबाइल तू धर.

मग टीव्हीकडे बघत म्हणाले, "फुल फ्रेम म्हणजे असं सगळं दिसतं होय?"

आणि क्लिप मागे नेऊन बुटांपासून परत लावली.

उद्या दुकानात जायला हवं. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये दोष आहे. माझा आवाज थरथरल्यासारखा येतोय.