अम्मियाच्या थडग्यावरचे नाव

मी कार्पोस, जन्माने सेल्गेचा, गेली एकतीस वर्षे रोडस नगरात परका रहिवासी म्हणून राहणारा, गोदीला दोरखंड पुरवणारा. छाती कफाने भरली आहे, पण डोके ठिकाणावर आहे. बरा झालो तर माझे मी बघेन. माणसाला जे चुकत नाही ते घडले, तर खाली सांगतो तसे व्हावे. बोटे सुजल्यामुळे मी सांगतो आहे आणि शेजारी पापिआस लिहितो आहे. उद्या सकाळी आमच्या देवमातेच्या मंडळाची सभा आहे. त्याआधी हे पुरे झालेच पाहिजे.

राहते घर, दोर वळण्याची लांब पडवी आणि तिथली सर्व अवजारे माझी मुलगी मेलिन्ना हिची. वय एकोणीस. ती स्वतंत्र आईच्या पोटी जन्मली. पापिआस, हे वाक्य ठळक लिही.

वाद तिथेच आहे. माझी पत्नी अम्मिया पूर्वी निकासिओनच्या घरची दासी होती. हा निकासिओन आज मंडळाचा अध्यक्ष. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी देवळात, देवाला साक्षी ठेवून तिला मुक्त केले. अट एकच: घरची मालकीण, निकासिओनची आई बित्तो, जिवंत असेतो अम्मियाने तिची सेवा करावी; अट मोडली तर ती पुन्हा दासी. दोन वर्षांनी अम्मिया माझ्या घरी आली. बित्तोनेच जा म्हटले, असे ती सांगायची. पण त्या शब्दाला साक्षीदार नव्हता. गेल्या हिवाळ्यात अम्मिया वारली. बित्तो अजून आहे.

मंडळातले आम्ही सगळेच परके. या बेटावर कोणाच्याच वाडवडिलांची माती नाही. एकमेकांना खांदा द्यावा आणि तटाबाहेरच्या एका कुंपणात शेजारी शेजारी निजावे, म्हणून तर मंडळ. भूकंपात त्या कुंपणाच्या सीमेचे दगड उलथले, ते परत मीच बसवले. तिथे फक्त स्वतंत्र माणसे पुरतात. अम्मियाला मी तिथेच पुरले. दगडावर कोरले: ‘अम्मिया, कार्पोसची पत्नी. भली बाई, निरोप घे.’ निकासिओन तेव्हा समुद्रापार होता.

परत येताच तो माझ्या पडवीत आला. “दासीला आमच्या कुंपणात झोपवलंस होय? सभेत ठराव आणतो. दगड निघेल, हाडंही निघतील.”

“हाडांशी कसलं वैर तुझं?”

ताग विंचरत बसलेल्या मेलिन्नाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दासीची पोर कोणाच्या मालकीची असते, ठाऊक आहे ना, दोरवाल्या?”

तेव्हा मला कळले. दगडावरचे नाव गेले की मुलगीही गेली.

परवा त्याचा माणूस छिन्नी घेऊन कुंपणात शिरला. मेलिन्ना दगडाला पाठ लावून बसली आणि उठलीच नाही, म्हणून तो परतला. मंडळातले सोळा जण मला भेटून गेले. सगळे हळहळले, उद्या तोंड उघडीन असे तिघेच म्हणाले.

म्हणून माझी अंजिराची बाग मंडळाला देतो, अशी की अम्मियाचा दगड जागचा हलू नये आणि मला तिच्या शेजारी ठेवावे. कोणी छिन्नी लावली, तर त्याच दिवशी बाग मंडळाच्या हातून जाऊन वैद्यदेवाच्या देवळाची व्हावी.

निकासिओनला काहीही नाही. माझ्या अंत्यभोजनाला आला तर त्याला वाढावे, तो मंडळाचा नियम आहे. त्याच्याशी कोणी बोलू नये, हा माझा.

इथवर लिहून झाले आणि गड्यांनी वाहून आणलेली एक खुर्ची दारात टेकली. खुर्चीत बित्तो, ऐंशीच्या पुढची. सोबत धाकटा मुलगा दामास, चेहरा पांढराफटक.

“माझं नाव पुढं करून थोरला ही पोर ओढून नेणार म्हणे,” ती म्हणाली. “लिही रे. अम्मियाला मीच म्हटलं, बाई, पोट दिसायला लागलंय तुझं, इथं बाळंत झालीस तर लेकरू या घराचं होईल. जा. अट मी तिथंच सोडली. दारापर्यंत पोचवायलाही मीच गेले होते.”

“इतकी वर्षं गप्प का राहिलात?” मी विचारले.

“थोरल्याची भीती वाटायची.” “अजून वाटते,” ती म्हणाली.

बाईच्या साक्षीला पालक पुरुषाची सही लागते. दामासने आईकडे बघितले. “दादा मला घराबाहेर काढेल.”

“मला आधी काढेल. कर सही.”

त्याने केली. या साक्षीची एक प्रत देवळात ठेवावी. आता सभा काहीही ठरवो, मेलिन्नावर कोणाची मालकी नाही.

शाई वाळायच्या आत बित्तोचा गडी निरोप घेऊन आला. आई आणि भाऊ परत येऊ नयेत म्हणून निकासिओनने घराच्या दाराला आतून अडसर घातला होता. तेव्हा मी आणखी एक कलम सांगितले: बित्तोने मरेपर्यंत याच घरात राहावे आणि मेलिन्नाने तिची सेवा करावी.

मेलिन्नाने पापिआसच्या लेखणीवर हात ठेवला. “मी करीन, बाबा. पण लिहू नका.”

“का गं?”

“आईच्या वेळीही असंच लिहिलं होतं.”

बित्तोने होकाराची मान हलवली.

शेवटचे कलम माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. ही खाडाखोड खरी धरावी.

साक्षीदार:
पापिआस, कुंभार, लिहिणारा
हर्माइओस, नावाडी, मंडळाचा सभासद
दामास, आई बित्तो हिचा पालक म्हणून

कार्पोस, अंगठीचा ठसा
रोडस, गोदीमागची गल्ली. सूर्यदेवाचे पुजारी तिमासार्खोस यांचे वर्ष, बाद्रोमिओस महिन्याची विसावी.