आधी कांडी तपासा

४ एप्रिल २०१९, गुरुवार

गेले! गुरं घेऊन छावणीत राहायला गेले. दोन बैल, हौशी गाय, एक बाज, एक ताडपत्री. निघताना हौशीच्या गळ्यातलं दावं पुन्हा पुन्हा ओढून बघितलं. मला म्हणाले, "येतो." बस्स.

काल बीडच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं— "तुमच्या सगळ्या तपासण्या झाल्या, शिवकन्या. कुठं काही दोष नाही. आता मिस्टरांचा रिपोर्ट आणा. त्याशिवाय मी पुढचं औषध देणार नाही." येताना एसटीत मी हेच घोकत होते. हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काय होतं बघायला? नुसती ढेकळं! वडवणी आली तेव्हा तोंड उघडलं— "छावणी सुरू झालीय. आता गुरं टाकून कसं येऊ?"

दुष्काळ सगळ्यांच्या मुळावर आला, आमच्या नवऱ्याला तेवढा पावला.

ही डायरी दूध संस्थेनं सभासदांना वाटलेली. पहिल्याच पानावर चेअरमन सुंदररावांचा हात जोडलेला फोटो. असल्या गोष्टी त्यांच्यासमोर कशा लिहायच्या? त्यांच्यावर पंचांगाचा कागद चिकटवून टाकला.

६ एप्रिल, शनिवार

पाडवा. सासूबाई गुढीपुढं हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "औंदा तरी!" देवाला कमी, मला जास्त.

११ एप्रिल, गुरुवार

शेजारच्या रतनबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण. मला बोलावणं होतं, म्हणजे घराला होतं. मी मागं भिंतीला टेकून बसले.

ओट्या भरायला सुरुवात झाली आणि बाहेर टँकरचा हॉर्न! क्षणात सगळ्या बाया उठल्या. कुणी घागर घेतली, कुणी बादली, एकीनं तर ताटातले पेढे उपडे करून परातच उचलली. खोलीत उरलो दोघी— फुलांनी मढलेली ती आणि मी. ती घाबरून म्हणाली, "वहिनी, बगा की, लई हलायलंय." माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक ढुशी बसली. खरं सांगते, मला वाटलं हात तिथंच राहावा.

बाया पाणी घेऊन परत आल्या. रतनबाई दारातच थबकल्या. "तू कावून बसलीस तिच्याजवळ?" मी हात काढला.

पुढं ओट्या भरल्या. माझ्यापाशी येईतो नारळ संपले. सगळीकडेच संपतात. लग्नाला चार वर्षं झाली, जिल्ह्यात नारळाचाही दुष्काळ आहे.

घरी आले तर हे डबा न्यायला आलेले. सासूबाई भाकरी बांधताना म्हणाल्या, "गोठ्यातली भाकड छावणीत गेली, घरातली ऱ्हायली." ह्यांनी ऐकलं. डबा उचलला. गेले.

१९ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी आखून दिलेले दिवस आजपासून. रिपोर्ट नाही तर नाही, दिवस का वाया घालवायचे? सासूबाईंना म्हटलं, आज डबा मी नेते. अबोली साडी नेसले. काजळ घातलं. बोटावर कालच्या मतदानाची शाई, ती काही निघेना. म्हटलं, असू दे, नवऱ्यालाच मत द्यायला चाललेय.

छावणी म्हणजे माळावर ताडपत्र्यांचं गावच. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. सकाळी संस्थेचा माणूस मोबाईल धरून बिल्ल्यांची हजेरी घेतो, तेव्हा मालक जवळ पाहिजे. ह्यांना आयतं कारण.

पोचले तर काय! हौशी सकाळपासून हंबरतेय. माजावर आली! आमची दोघींची तारीख एकच! आणि बद्रीनाथ डॉक्टर टाकी उघडून बसलेले. ते गावोगाव फटफटीवर फिरून गाई भरवतात. टाकीतल्या धुरातून वळूच्या बियाची कांडी काढता काढता ते म्हणाले, "गहिनीनाथ, किती येळा भरवायची हिला? दर येळी उलटती, गाभ धरत न्हाई. भाकड हाय, इकून टाक."

आमचे हे चवताळले! "ओ डॉक्टर, नीट बोला. भाकड कावून? खाती-पिती, येळेवर माजावर येती. तिच्यात काय खोट हाय? आधी तुमची कांडी तपासा! दर येळी त्याच वळूची मारता आन् नाव गाईला ठेवता. वळू बदलून बगा की!"

शेजारच्या ताडपत्रीतली म्हातारी भिवराबाई खुदकन हसली. "खरं हाय लेकरा. मुक्या जनावराच्याच नावानं बोंब."

तेवढ्यात ह्यांनी वर बघितलं. समोर मी. हातात डबा, डोळ्यांत काजळ. ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच. आपण काय बोललो ते ह्यांना तेव्हा कळलं असावं. मला तर केव्हाच कळलं होतं!

बद्रीनाथांनी मुकाट्यानं दुसऱ्या वळूची कांडी काढली. मी डबा बाजेवर आपटला. "जेवून घ्या." आणि मिळेल त्या टमटमनं परत. हे मागून हाक मारत होते. मारू दे!

गाईची बाजू घेता येते. चार लोकांत, डॉक्टरशी भांडून. मला घरात भाकड म्हणतात तेव्हा ह्यांची वाचा कुठं जाते? हौशीचा हेवा वाटला मला आज. गाईचा! काय वेळ आली.

२० एप्रिल, शनिवार

रागाच्या भरात महिन्याचे दिवस घालवले. कुणाचे? माझेच. शहाणी मी!

२ मे, गुरुवार

ह्यांना ऊन लागलं, ताप आला, म्हणून दोन दिवसांपूर्वी मीच छावणीत राहायला आले. सासूबाई म्हणाल्या, "जा, हितं तरी काय करतीस."

ताप उतरलाय. मी काही परत जायचं नाव काढत नाही. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघंच! म्हणजे दोघं, तीन जनावरं, आणि हातभर अंतरावर भिवराबाईचा खोकला. पण घरापेक्षा बरं. तीन दगडांची चूल, दोघांत एक ताट. दुपारी ह्यांनी माझ्या केसांवर तांब्याभर गार पाणी ओतलं. वर म्हणतात कसे, "हौशीचं उरलेलं हाय." मेला!

संधी साधून विचारलं. "हौशीसाठी भांडता, माझ्यासाठी कावून नाही?"

दाव्याला पीळ देत बसले. मग म्हणाले, "डबीत द्यायचं म्हणत्यात. त्या लॅबमधी सिरसाळ्याचं पोरगं हाय, माज्या वर्गातलं. उद्या समद्या बाजारात व्हईल."

"माझी तपासणी झाली तेव्हा खोलीत किती अनोळखी माणसं होती, विचारलंत कधी? मी काय दगड होते?"

 ह्या खेपेला उठून गेले नाहीत. हे नवीन आहे.

७ मे, मंगळवार

आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. सासूबाई पुरणपोळ्या घेऊन छावणीत आल्या. मला बरं वाटलं. उगीच!

ह्यांचं खाऊन होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "नेकनूरचे आप्पाराव हायत ना, त्यांची भाची हाय. बापाविना पोर. ते तयार हायत." मी तिथंच, भांडी घासत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुला कोण हाकलायलंय? ऱ्हा की. दोगी बहिणीवाणी ऱ्हावा."

ह्यांनी मान खाली घातली. मी हातातली परात इतकी घासली की भिवराबाई म्हणाली, "भोक पाडतीस का काय माय?"

१३ मे, सोमवार

हे पहाटेच गेले. दावी आणायची आहेत म्हणाले. हजेरीला मी उभी राहिले.

हौशी या खेपेला माजावर आली नाही! भिवराबाई म्हणते, ठरलं दिसतंय.

दिवस कलताना परत आले. दावी नाहीत. हातात एक प्लास्टिकची पिशवी, तळाला घोटभर लाल पाणी. "तुज्यासाठी बर्फाचा गोळा आणलाता," म्हणाले. अंबाजोगाईहून! या उन्हात! मी विचारलं, अंबाजोगाईला काय होतं?

"दिलं डबीत," म्हणाले. "तिथं कोन वळखत न्हाई."

ते लाल पाणी मी पिऊन टाकलं. गोड होतं.

१५ मे, बुधवार

रिपोर्ट आला. शून्य. अगदीच शून्य.

चार वर्षं वाटायचं, एकदा कळू दे की दोष माझा नाही, मग मी गावातून मान वर करून चालेन. कळलं. आणि मी भिवराबाईच्या ताडपत्रीमागं जाऊन ओक्साबोक्शी रडले. ह्यांच्यासाठी रडले की माझ्यासाठी, कोण जाणे. बहुतेक दोघांसाठी.

ह्यांनी आज बैलांना दोनदा चारा टाकला. छावणीत दोनदा मिळत नाही. उद्याचाही टाकून बसले.

२२ मे, बुधवार

बीडला गेलो. डॉक्टरीणबाई दर बुधवारी असतात. रिपोर्ट बघून शांतपणे म्हणाल्या, "यावर औषध नाही. पण मार्ग आहे. बँकेतून दुसऱ्याचं बीज घेता येतं. कुणाचं ते कुणालाच कळत नाही. मूल तुमचंच—"

हे खुर्ची सारून बाहेर पडले. मी बाईंची माफी मागितली, पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मग मीही बाहेर. एसटीत शेजारी बसलो, दोन परके बसावेत तसे. पोचल्यावर एवढंच म्हणाले, "ते नाव माज्यापुढं काढायचं न्हाई."

२ जून, रविवार

आप्पाराव आले. घरीच. आम्हाला छावणीतून बोलावून घेतलं. गुरं भिवराबाईवर सोडून आलो. चहा मला करायला लावला. केला. सवतीच्या पाहुण्यांना आलं घालून!

आप्पाराव म्हणाले, "मंग, सुपारी कवा फोडायची?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं.

"पाव्हणं," म्हणाले, "पोर देऊ नका. खोट हिच्यात न्हाई. माज्यात हाय. तपासून आलाव."

कोपऱ्यात बसलेले सासरे उठून ओसरीवर गेले. आप्पारावांनी टोपी शोधायला सुरुवात केली, ती डोक्यावरच होती. सासूबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. मी दाराआडून ह्यांच्याकडं बघत होते. मान खाली नव्हती. लग्नात पण इतके चांगले दिसले नव्हते!

५ जून, बुधवार

सासूबाई कुणाशीच बोलत नाहीत.  हे बोलून बसले खरे, आता लोकांच्या नजरेला नजर देता येत नाही. छावणीत सुद्धा पाण्याच्या टाकीवर गर्दी ओसरल्यावर जातात.

आणि मी? परवापर्यंत भाकड होते, आता "बिचारी" झाले. भाकड बरं होतं, निदान भांडता यायचं!

माहेरी बातमी पोचली. मोहनदादाचा फोन— "शिवे, तुजं वय काय हाय? चोवीस. येतो न्यायला. दुसरं बगू." मी लगेच नाही म्हणाले नाही. खरं लिहिते, रतनबाईंच्या सुनेच्या पोटातली ती ढुशी अजून तळहाताला आठवते. मला मूल पाहिजे. हेही पाहिजेत. दोन्ही एका ताटात वाढलेलं मिळणार नाही असं दिसतंय. काल ह्यांना विचारलं, "जाऊ का?" तर म्हणाले, "मी कोन अडवनार?"

अडवा की! एवढंच तर म्हणायचं होतं.

१० जून, सोमवार

दादा जीप घेऊन थेट छावणीवर आला. मागोमाग सासूबाई, पायी, उन्हातान्हात. मला बाजेवर बसवलं, कुंकू लावलं, आणि माझी ओटी भरली. अख्खा नारळ! म्हणाल्या, "जा माय. वय हाय तुजं. माज्या लेकापायी जळू नको." मी त्यांच्या पाया पडले. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला.

हे हौशीला पाणी पाजत होते. ती गाभण आहे, बद्रीनाथांनी सकाळीच सांगितलं. मान वर न करता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "परवा बुधवार हाय. बीडला जाऊ. कांडी बदलून बगू."

नारळ सांभाळत मी खाली उतरले. दादाला म्हटलं, बस, चहा ठेवते.