टाकीच्या झाकणावरचं कुंकू

बा, बोलते आहे मी, लिहिते आहे माझी सून. अक्षर चांगलं असेल तर ते तिचं, आणि चुका असतील तर त्याही तिच्याच. मला तू शाळेत घातलं नाहीस, तळासरीच्या गॅरेजात घातलंस. तुला जाऊन तीस वर्षं झाली, आणि अक्षराशी तुझंही कधी जमलं नाही, तेव्हा हे तुला वाचून कोण दाखवणार हा प्रश्नच आहे. पण सांगायचं ते सांगून टाकते.

तुझी फटफटी आता कैनाडला माझ्या अंगणात आहे. इतकी वर्षं ती वेवजीला भावाच्या गोठ्यात पडून होती, सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. माझ्या मुलाने ती आणली, रंग दिला, टायर घातले. एका किकमध्ये चालू होते, तुझ्या वेळेसारखी गावभर बोंबलते, आणि डहाणूच्या रस्त्याला दोन-तीन किलोमीटर गेली की दोन आचके देऊन बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू, की पुन्हा बंद. डहाणूच्या मेकॅनिकने कारबेटर तीनदा खोललं, चौथ्यांदा नवंच बसवलं. तरी तेच. मुलगा घामाघूम होऊन ढकलत घरी येतो आणि मी ओट्यावर वाल सोलत बघते. मला ते बघायची सवय होती रे. माझ्या लहानपणी तू तसाच यायचास.

मी नऊ वर्षांची आहे. हायवेच्या कडेला तुझी पत्र्याची शेड, आणि तू उकिडवा बसून कारबेटर खोलतो आहेस. आधी प्लग काढून बघितलास, मग नळी काढून पेट्रोल येतं का ते बघितलंस, मग कारबेटरची खालची वाटी उघडलीस. पितळेचा जेट, त्याचं भोक केसाएवढं. तो तू तोंडाने फुंकतोस आणि माझ्या हातात देतोस, कारण माझा डोळा तुझ्यापेक्षा तरणा.

“बघ, सूर्य दिसतो का?”

“दिसतो.”

“सगळा का अर्धा?”

“सगळा.”

“मग साफ आहे. साफ आहे तर मरते कशाला ही?”

त्या वर्षी दसऱ्यानंतर तू रोज हेच विचारत होतास. सगळी पोरं नदीवर, आणि मी सूर्य बघत बसलेली. कारबेटरचे भाग तू आयच्या चहाच्या पातेल्यात उकळलेस, तेव्हा आय म्हणाली, “आता चहा टाकीत उकळा.” आठवडाभर आमच्या चहाला पेट्रोलचा वास होता आणि तू म्हणालास, त्याने माणूस लवकर स्टार्ट होतो.

पण बाहेर कोणी हे हसण्यावारी नेत नव्हतं. दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री स्वतःची गाडी ढकलत नेतो, हे सगळ्या नाक्याने बघितलं. संजाणकडचं एक गिऱ्हाईक थांबून म्हणालं, “मिस्त्री, आ तो तमारी ज छे ने?” म्हणजे, ही तर तुमचीच ना? बोर्डीचा चिकूवाला तर खोलायला ठेवलेली गाडी तशीच टेम्पोत घालून घेऊन गेला. त्या दिवशी मी म्हणाले, “बा, टाकीचं झाकण उघडून बघितलंस की ती चालू होते.” तू वर न बघता म्हणालास, “तू डोळा दे, अक्कल देऊ नको.” मी गप्प बसले. मला गप्प बसायला चांगलं जमतं, सूनबाईला विचार. ती आत्ता हसली.

होळीच्या आत तू शेड बंद केलीस. म्हणालास, हाताला आता कळत नाही. पान्हे गोणपाटात बांधलेस आणि वेवजीच्या तुकड्यावर भात लावायला लागलास. पुन्हा कधी कोणाचं इंजिन खोललं नाहीस.

परवा मुलाने टाकीचं झाकण हातात घेतलं आणि उन्हात धरलं. झाकणाच्या मधोमध हवा आत जायला एक भोक असतं, म्हणाला, ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, आणि हवा नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. त्याने टाचणी घातली. लाल पूड पडली त्याच्या तळव्यावर.

“आई, हे लाल काय?”

“गंज असेल,” मी म्हणाले.

गंज नव्हता, बा. त्या दसऱ्याला हत्यारांची पूजा तू केलीस आणि फटफटीला कुंकू लावायचं काम मला दिलंस. कोरडं कुंकू लोखंडाला धरत नाही, म्हणून मी ते तेलात कालवलं. झाकणाच्या मधोमध ते बारीकसं भोक दिसलं. मला वाटलं, टिळा लावायची जागाच करून ठेवली आहे. अंगठ्याने चांगलं दाबून भरलं. आणि पूजेचं कुंकू आपणहून गळेपर्यंत पुसायचं नाही, हा तुझाच नियम. रोज टाकी पुसायचास, तेव्हा तेवढी जागा सोडून फडकं फिरवायचास. मी बघितलंय.

इथे सूनबाईचं पेन थांबलं. “आई, तुम्ही तर ह्यांना सांगितलंत, गंज असेल म्हणून!” म्हणाली. “लिही पुढे,” मी म्हटलं.

मुलगा त्याच दिवशी डहाणूला जाऊन आला, कुठे न थांबता. येताना जिलेबी आणली. मला वाटलं, आता रडू येईल, म्हणून मी पदर हातात धरून तयार बसले. काही आलं नाही. पाय सुन्न होतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं. जिलेबी खाल्ली. गोड होती. मग भांडी घासली. झोपही लागली.

आता सून विचारते, पत्ता काय घालू? मी म्हटलं, घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेव. कोणाला वाचून दाखवू नकोस, तुझ्या नवऱ्यालाही नाही.

आणि शेवटचं एवढं लिही. शेड बंद झाल्यावर तू दुपारी घरी जेवायला यायला लागलास. आय रडत होती, तू बोलत नव्हतास, आणि मी ताटं मांडत होते, चार: तुझं, आयचं, भावाचं, माझं. त्याआधी दुपारी कधी चार मांडली नव्हती. मला बरं वाटत होतं, बा.